फिल्म कॅमेऱ्याची बॅटरी लवकर का उतरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना फिल्म कॅमेरा वापरणाऱ्यांची पहिली तक्रार सहसा फोटोंबद्दल नसते, सेलबद्दल असते. नवा सेल घातला, एक रोल पुरता संपला नाही आणि मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाशमापक, गप्प. अशा वेळी लगेच स्क्रूड्रायव्हर शोधायची गरज नाही. दोष बहुतेकदा सेलमध्ये, कॉन्टॅक्टमध्ये किंवा बॅगेत दाबल्या गेलेल्या एखाद्या बटणात सापडतो. सर्किटपर्यंत जायची वेळ क्वचित येते. प्रश्न त्याच क्रमाने घेतले आहेत.

नवा सेल काही दिवसांत गेला. सुरुवात कुठून करू?

गेलेला सेल फेकू नका. तो बाहेर काढा, दोन्ही बाजू कोरड्या कापडाने पुसा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि मोजा. पुढचा सगळा तपास या एका आकड्यावर ठरतो.

समजा सेल एलआर४४ हा १.५ व्होल्टचा बटण सेल आहे आणि आकडा १.५ च्या आसपास आला. म्हणजे सेल उतरलेलाच नाही. वीज आहे, ती कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. झाकणाच्या आत काळपट थर असेल, स्प्रिंग दबून गेली असेल किंवा झाकणाचे आटे गंजले असतील. असे कॅमेरे 'बॅटरी खातात' म्हणून बदनाम होतात, कारण सेल बदलताना झाकण फिरतं, कॉन्टॅक्ट जरासा घासला जातो आणि कॅमेरा पुन्हा चालू होतो. श्रेय मात्र नव्या सेलला मिळतं.

आकडा १.२ किंवा त्याखाली आला तर सेल खरंच रिकामा झाला आहे. आता विचारायचं, वीज गेली कुठे. कॅमेरा जागा राहिला का, की बंद असतानाही आतून करंट झिरपतोय? आणि तिसरी शक्यता विसरू नका: सेल घालतानाच अर्धामुर्धा होता.

दोन सेल असतील तर दोन्ही वेगवेगळे मोजा. एक १.५ आणि दुसरा ०.८ असा निकाल आला तर जुना-नवा मिसळला गेला आहे, किंवा एक सेल मुळात खराब होता. सेल नेहमी सगळे एकदम, एकाच पाकिटातले बदलावेत. मिसळलेल्या जोडीतला अशक्त सेल आधी संपतो, नंतर त्याच्यातून उलट दिशेने करंट रेटला जातो आणि तो पाझरतो.

सेल १.५ व्होल्ट दाखवतो, कॉन्टॅक्टही चकचकीत आहेत, तरी कॅमेरा 'बॅटरी कमी' म्हणतो. असं कसं?

नुसतं व्होल्टेज मोजलं की सेलवर काहीच भार नसतो. थकलेला सेल भाराशिवाय छान दिसतो आणि शटरच्या इलेक्ट्रोमॅग्नेटने ओढ घेतली की बसतो. म्हणून भार लावून मोजा. एलआर४४ साठी ४७० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना धरा, त्यातून साधारण ३ मिलिअँपिअर जातील, आणि त्याच वेळी व्होल्टेज बघा. अल्कलाइन सेल १.३ च्या खाली घसरला तर तो कॅमेऱ्याच्या कामाचा राहिला नाही. रिमोटमध्ये किंवा खेळण्यात अजून चालेल.

तीन व्होल्टच्या लिथियम सेलचा फसवेपणा आणखी जास्त. त्याचं भाराशिवायचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतं, त्यामुळे ३.० हा आकडा दिसला तरी निश्चिंत होऊ नका. नवा सीआर१२३ए भाराशिवाय ३.२ च्या आसपास असतो.

मल्टिमीटर नाही. त्याच्याशिवाय काही कळेल का?

थोडंफार. कॅमेऱ्यातली बॅटरी-चाचणी, म्हणजे दिवा, सुई किंवा बटण, ही भाराखालची चाचणी असते, म्हणून तिच्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. पण बंद कॅमेरा किती करंट खातो हे मल्टिमीटरशिवाय कळणार नाही. साधा मल्टिमीटर पुरतो, मात्र त्याला मायक्रोअँपिअरची रेंज आहे ना ते बघून घ्या.

मुळात सेल किती टिकायला हवा?

ते कॅमेरा वीज कशासाठी वापरतो यावर आहे. तीन जाती धरा.

पहिली, पूर्ण यांत्रिक शटरवाले: निकॉन एफएम२, पेंटॅक्स के१०००, ऑलिम्पस ओएम-१. इथे सेल फक्त मीटरसाठी. सेल गेला तरी शटर सगळ्या स्पीडवर चालतं. यांच्यात सेल वर्षभर किंवा जास्त टिकणं सहज अपेक्षित आहे.

दुसरी, इलेक्ट्रॉनिक शटरवाले: कॅनन एई-१, मिनोल्टा एक्स-७००, निकॉन एफई. शटरची वेळ सर्किट मोजतं, त्यामुळे सेल गेला की कॅनन एई-१ पार ठप्प. निकॉन एफई मात्र एम९० (सेकंदाचा नव्वदावा भाग) आणि बी (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) या दोन जागांवर सेलशिवायही चालतो. इथे काही महिने ते वर्ष हा बरा अंदाज.

तिसरी, मोटर आणि फ्लॅशवाले: ऑटोफोकस एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) आणि खिशात मावणारे कॉम्पॅक्ट. यांचा हिशोब महिन्यांत न करता रोलमध्ये करावा. दर फोटोला फ्लॅश मारलात तर फ्लॅशशिवायच्या मानाने रोलची संख्या निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते, आणि तो बिघाड नव्हे.

एलआर४४, एसआर४४, एजी१३, ए७६, ३५७ ही सगळी एकच का?

आकार एकच, ११.६ मिलिमीटर व्यास आणि ५.४ मिलिमीटर जाडी. आतलं रसायन वेगळं. एलआर४४, एजी१३, ए७६ हे अल्कलाइन. एसआर४४ आणि ३५७ हे सिल्व्हर ऑक्साइड. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो. सिल्व्हर ऑक्साइड १.५५ वर जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. क्षमताही त्याची जास्त: एलआर४४ मध्ये साधारण ११० ते १५० मिलिअँपिअर-तास, एसआर४४ मध्ये १५० ते २००.

माझं मत विचाराल तर मीटरवाल्या कॅमेऱ्यात एसआर४४ शिवाय दुसरं काही घालू नये. 'बॅटरी लवकर उतरते' या तक्रारींपैकी कितीतरी नुसत्या या बदलाने मिटतात, कारण अनेक कॅमेऱ्यांची सर्किटं १.३ ते १.४ व्होल्टच्या आसपासच हात टेकतात. म्हणजे अल्कलाइन सेलमधली बरीच वीज शिल्लक असतानाच तो बाद ठरतो. पट्टीवर दहा-दहा मिळणारे निनावी एजी१३ तर टाळाच. ते किती वर्षं पडून आहेत ते कोणालाच ठाऊक नसतं.

दोन एलआर४४ च्या जागी एक सीआर१/३एन हा तीन व्होल्टचा लिथियम सेल बसतो. तो वर्षानुवर्षं टिकतो, थंडीत बरा चालतो आणि सहसा पाझरत नाही. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत त्याला परवानगी आहे का तेवढं बघा. लायका एम६ आणि निकॉनचे एफएम-एफई घराण्यातले कॅमेरे तो आनंदाने घेतात. चार सेलची नळी लागणाऱ्या कॅननमध्ये ४एलआर४४ ऐवजी ४एसआर४४ घालावा, तोच नियम.

कॅमेऱ्याला बंद करायचं बटणच दिसत नाही. मग तो बंद कसा होतो?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त सेल वाचवतो, म्हणून जरा सविस्तर.

पेंटॅक्स के१००० ला मीटरचा स्विच नाहीच. मीटर कायम जोडलेला असतो. अंधारात प्रकाशसंवेदी घटकाचा विद्युतरोध खूप वाढतो आणि करंट नगण्य होतो. म्हणजे लेन्सवरचं झाकण हाच स्विच. झाकण न लावता कॅमेरा कपाटावर ठेवलात की तो दिवसभर मीटर चालवत बसतो. रोलाय ३५ चंही तसंच. त्याला वापर नसताना केसमध्ये किंवा अंधारात ठेवायचं.

निकॉन एफई मध्ये रोल पुढे सरकवायचा लिव्हर किंचित बाहेर ओढला की मीटर चालू होतो आणि लिव्हर परत आत दाबेपर्यंत चालूच राहतो. फोटो काढून झाल्यावर लिव्हर तसाच बाहेर ठेवून कॅमेरा बॅगेत टाकणं हे एफई वापरणाऱ्यांचं सेल मारण्याचं ठरलेलं कारण. नंतरच्या एफई२ मध्ये मीटर थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायची सोय आली.

ऑलिम्पस ओएम-१ ला वरच्या बाजूला साधा चालू-बंद स्विच आहे. शटर यांत्रिक असल्याने मीटर चालू राहिलाय हे कशावरूनच कळत नाही, आणि सेल शांतपणे संपतो. लायका एम६ मध्ये शटर ताणलेलं असेल तरच बटण अर्धं दाबल्यावर मीटर जागा होतो. म्हणून तो ठेवताना शटर मोकळं सोडून ठेवावं, किंवा डायल बीवर.

ऑलिम्पस ओएम-४ आणि ओएम-२ स्पॉट/प्रोग्रॅम यांची गोष्ट निराळी. यांच्या सुरुवातीच्या सर्किटांचा निष्क्रिय असतानाचा खर्चच जास्त असतो. कॅमेरा धडधाकट असूनही सेल काही आठवड्यांत जातो. ठेवताना शटर यांत्रिक ६० वर (सेकंदाच्या साठाव्या भागावर) किंवा बीवर न्यायचं आणि अल्कलाइनऐवजी सिल्व्हर ऑक्साइड वापरायचा, हे तिथले रूढ उपाय. दुरुस्तीत पैसे घालण्याआधी हे करून बघा.

घरी ठेवला की ठीक असतो, प्रवासात मात्र सेल जातो. का?

शटरचं बटण बॅगेत अर्धं दाबलं जातंय. पॅडिंगवाली घट्ट बॅग, त्यात कॅमेरा आडवा, वर दुसरी लेन्स, एवढं पुरतं. व्ह्यूफाइंडरमधले लाल दिवे आत लागलेले असतात आणि बाहेरून काही दिसत नाही. शटर बटणाला कुलूप असेल तर ते वापरा, नसेल तर बटणाची बाजू मोकळी राहील असा कॅमेरा ठेवा. शोभेचं उंच बटण स्क्रूने बसवलं असेल तर आधी ते काढा. केबल रिलीज, म्हणजे शटर लांबून दाबायची तार, लावून ठेवायची सवयही यातलीच.

सरकत्या कव्हरच्या कॉम्पॅक्टमध्ये कव्हर अर्धवट उघडं राहिलं की कॅमेरा जागा होतो, लेन्स बाहेर येऊ बघते, अडते, परत जाते. दर वेळी मोटर फिरते आणि फ्लॅशही चार्ज होतो.

बंद कॅमेरा किती करंट खातो ते मोजायचं कसं?

मल्टिमीटर करंटच्या वाटेत, म्हणजे सेल आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसवायचा. व्होल्टेज मोजतो तसा दोन टोकांवर धरायचा नाही. तसं केलंत तर सेल मल्टिमीटरमधूनच शॉर्ट होतो.

नाण्याने फिरवायचं झाकण असलेल्या बऱ्याच एसएलआरमध्ये काम सोपं आहे, कारण झाकण स्वतःच करंटच्या वाटेचा भाग असतं. सेल खोबणीत नेहमीच्या दिशेने ठेवा आणि झाकण लावू नका. मल्टिमीटर मिलिअँपिअरवर. एक प्रोब सेलच्या उघड्या चकतीवर हलका दाबा, दुसरा खोबणीच्या कडेच्या आट्यांच्या धातूवर टेकवा. आटे काळवंडलेले असतील तर आकडा नाचत राहतो. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आधी ते पुसा. प्रोब घसरून सेलची चकती आणि आटे एकदम जोडले गेले तरी घाबरू नका, ते झाकण लावल्यासारखंच झालं.

दार उघडून सेल बसवायच्या कॅमेऱ्यात वेगळी युक्ती. पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदाची अरुंद पट्टी घ्या, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवा, पण कडेला दोन्ही फॉइल एकमेकींना लागणार नाहीत असं बघा. ही पट्टी सेल आणि कॉन्टॅक्ट यांच्या मध्ये सरकवा. आता एका फॉइलवर एक प्रोब, दुसरीवर दुसरा.

आधी मीटर चालू करून बघा. काही मिलिअँपिअर दिसतील. लाल दिव्यांचे कॅमेरे सुईवाल्यांपेक्षा जास्त घेतात. मग सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, आकडा खाली उतरू द्या. आकडा शून्याजवळ गेला की मगच मायक्रोअँपिअरच्या रेंजवर या. रेंज बदलताना वीज क्षणभर तुटते, कॅमेरा पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून परत थांबा.

मोटरवाल्या कॅमेऱ्यांसाठी एक सक्त सूचना: सुरुवात मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातूनच. मोटर आणि फ्लॅश क्षणात अँपिअरच्या घरात करंट ओढतात. लहान रेंजवर असाल तर मल्टिमीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.

आकडा मिळाला. तो चांगला की वाईट?

सेलची क्षमता भागिले करंट, म्हणजे तास. १५० मिलिअँपिअर-तासांचा सेल धरा. गळती ५ मायक्रोअँपिअर असेल तर ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. काळजीचं काही नाही. ५० असेल तर ३,००० तास, साधारण चार महिने. जुन्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याला हे चालून जातं, यांत्रिक कॅमेऱ्याला नाही. ५०० असेल तर ३०० तास, जेमतेम बारा-तेरा दिवस; इथे नक्की बिघाड आहे किंवा एखादा स्विच चालू राहिलाय. ५ मिलिअँपिअर असेल तर ३० तास, म्हणजे कॅमेरा झोपलेलाच नाही.

इथे एक चूक फार जण करतात. दोन सेल एकामागे एक लावले की व्होल्ट दुप्पट होतात, मिलिअँपिअर-तास होत नाहीत. ४एलआर४४ मध्ये चार सेल असले तरी क्षमता एकाच सेलएवढी. त्यामुळे भागाकार नेहमी एका सेलच्या क्षमतेने करा. सीआर१२३ए ची क्षमता मात्र १,५०० च्या आसपास असते, म्हणून तोच ५०० मायक्रोअँपिअरचा दोष तिथे चार महिने लपून राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

गळती जास्त निघाली. ती कुठून होत असेल?

आधी बाहेरच्या गोष्टी एकेक काढत जा आणि दर वेळी आकडा बघा. डेटा बॅक (फोटोवर तारीख छापणारं मागचं दार), वाइंडर (रोल पुढे सरकवणारी जोडमोटर), फ्लॅश, लेन्स. मोटर ड्राइव्ह चालू ठेवला की काही कॅमेऱ्यांचा मीटरही चालू राहतो. ड्राइव्ह बंद करताच आकडा खाली आला तर तपास तिथेच संपला. ऑटोफोकस कॅमेऱ्याची लेन्स काढल्यावर फरक पडला तर माउंटवरचे, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यावरचे, सोनेरी ठिपके पुसून बघा.

मग स्विच. मोजणी चालू ठेवून मुख्य स्विच, लिव्हर, सेल्फ-टायमरचा खटका सावकाश पुढे-मागे करा. आकडा उड्या मारत असेल किंवा 'बंद'वर पूर्ण उतरत नसेल तर स्विचचे पातळ पितळी पाय वाकले आहेत किंवा त्यांच्यामध्ये वाहक मळ साचलाय. शटरच्या अर्ध्या दाबाच्या स्विचचीही हीच व्यथा: बटण वर येतं, आतलं पातं येत नाही.

यापुढचं सगळं कॅमेऱ्याच्या आत. पाझरलेल्या सेलचा क्षार लवचिक सर्किटवर पसरतो आणि दमट हवेत ओला होऊन दोन वाटा जोडतो. पावसाळी हवेत आकडा वाढतो आणि कोरड्या हवेत उतरतो ही त्याची खूण. जुने कॅपॅसिटरही करंट झिरपू देतात. मिनोल्टा एक्स-७०० मध्ये कॅपॅसिटर जाणं इतकं नेहमीचं आहे की दिवे लागतात पण शटर सुटत नाही असं कोणी सांगितलं की जाणकार आधी तिकडेच बघतात. तो दोष बॅटरी उतरण्याचा नव्हे, पण लोक बिचारे सेल बदलत राहतात.

सेलच्या खोबणीत पांढरी भुकटी आणि हिरवट थर आहे. काय करू?

अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरं होतं, आणि तांब्या-पितळेला लागलं की हिरवं-निळं. आधी कोरड्या लाकडी काडीने सुटी भुकटी काढा, कॅमेरा असा धरून की ती बाहेर पडेल, आत जाणार नाही. मग कापसाची काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा आणि जवळजवळ कोरडी होईपर्यंत पिळा. घासल्यावर बारीक फेस आला तर काम होतंय. फेस थांबला की आयसोप्रोपिल अल्कोहोलची काडी दोन-तीनदा फिरवा म्हणजे आम्ल मागे राहणार नाही. उरलेला काळा थर साध्या खोडरबराने किंवा फायबरग्लासच्या पेनने उतरवा. सँडपेपर नको, मुलामा गेला की पितळ पुढे आणखी लवकर गंजतं. हातमोजे घाला आणि बोट डोळ्यांना लावू नका.

कॉन्टॅक्ट चकचकीत होऊनही कॅमेरा चालत नसेल तर तारेकडे बघा. क्षार तारेच्या आवरणाखालून वर चढत जातो. तार बाहेरून धड दिसते, पण सोलली की आतलं तांबं काळंठिक्कर निघतं आणि त्यावर डाख बसत नाही. अशी तार पुसून उपयोग नाही, पूर्ण बदलावी लागते. काम मोठं नसतं, पण तळाचं किंवा वरचं झाकण उघडावं लागतं.

कॉम्पॅक्ट कॅमेरा उघडून स्वतः दुरुस्त करू का?

नको. फ्लॅशचा कॅपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि सेल काढल्यावरही तो चार्ज बराच काळ राहतो. त्याचा झटका गंभीर असतो. हे काम ज्याला तो सुरक्षितपणे रिकामा करता येतो त्याचंच.

न उघडता एक गोष्ट जरूर करा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या कॅमेऱ्याचा हा कॅपॅसिटर सुस्तावतो, स्वतःच करंट झिरपू देतो, आणि फ्लॅश तयार व्हायला फार वेळ लागतो. ताजा सेल घालून फ्लॅश पाच-सहा वेळा, मध्ये मिनिटभर थांबत, चार्ज करून मारा. पुष्कळदा तो पूर्वपदावर येतो आणि सेलही पूर्वीपेक्षा टिकायला लागतो. ज्या कॅमेऱ्यांत चालू करताच फ्लॅश आपोआप चार्ज होतो, तिथे फ्लॅश बंद ठेवायची आज्ञा दर वेळी द्यावी लागते. कंटाळवाणं आहे, पण रोल वाढतात.

रोल परत गुंडाळणं मध्येच थांबलं तर मागचं दार उघडू नका. मोटरला सगळ्यांत जास्त ताकद तेव्हाच लागते, आणि थकलेला सेल तिथेच हात वर करतो. ताजा सेल घाला. गुंडाळणं आपोआप सुरू झालं नाही तर रिवाइंडचं छोटं बटण पेनाच्या टोकाने दाबा.

सीआर१२३ए च्या जागी चार्ज होणारा सेल चालेल?

त्याच आकाराचे लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातात. तीन व्होल्टसाठी बनवलेल्या कॅमेऱ्याला हे धोक्याचं आहे, दोन सेलच्या कॅमेऱ्याला तर दुप्पट. कोणीतरी वापरतं आणि त्याचं चालतं, हा पुरावा धरू नका. दोन-एए किंवा चार-एए घेणाऱ्या कॅमेऱ्यांत निकेल-मेटल हायड्राइड सेल बहुधा चालतात, पण त्यांचं १.२ व्होल्ट बघून कॅमेरा बॅटरी-दर्शक लवकर खाली आणतो. निकॉन एफ१०० सारख्या एए-वाल्या कॅमेऱ्यांना लिथियम एए सगळ्यांत मानवतात.

माझ्या कॅमेऱ्याला मर्क्युरी सेल लागायचा. आता जो घालतो तो दोन महिन्यांत जातो.

तुम्ही बहुधा झिंक-एअर वापरताय. कर्णयंत्राचा ६७५ किंवा १.३५ व्होल्टचा वाइन सेल, दोन्ही त्याच जातीचे. वरची चिकटपट्टी काढली की हवा आत जाते आणि रसायन सुरू होतं. पुढे कॅमेरा वापरा किंवा कपाटात ठेवा, काही आठवडे ते काही महिन्यांत तो सुकतोच. पट्टी परत चिकटवून फारसं काही वाचत नाही. कॅमेऱ्यात दोष शोधत बसू नका.

१.३५ व्होल्टचे मर्क्युरी सेल पर्यावरणाच्या कारणाने बंद झाले. अमेरिकेत त्यांच्यावर १९९६ च्या कायद्याने बंदी आली. टिकाऊ पर्याय म्हणजे व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर आणि त्यात सिल्व्हर ऑक्साइड सेल. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या ब्रिज सर्किटच्या कॅमेऱ्यांना व्होल्टेजमधला फरक फारसा बाधत नाही, तिथे साधा सिल्व्हर ऑक्साइड सेल चालतो. पीएक्स६२५ च्या आकारातला अल्कलाइन सेल बसतो खरा, पण तो उतरत जाईल तसा मीटर बदलत जातो, आणि स्लाइड फिल्मवर ते लगेच दिसतं.

थंडीत सेल लगेच जातो.

जात नाही, सुस्त होतो. रसायन मंदावतं, भाराखालचं व्होल्टेज पडतं. उबेत आणला की परत चालतो. अल्कलाइनला हे सगळ्यांत जास्त, लिथियमला सगळ्यांत कमी. एक जादा सेल आतल्या खिशात ठेवा आणि आलटून-पालटून वापरा.

रात्रीचे लांब एक्सपोजर घेतल्यावर सेल संपला. बिघाड आहे का?

नाही. इलेक्ट्रॉनिक शटरच्या अनेक कॅमेऱ्यांत बीवर शटर उघडं धरून ठेवायला इलेक्ट्रोमॅग्नेट सतत करंट घेतो. तासभर तारे टिपलेत की सेलचा मोठा भाग गेला. अशा कामाला यांत्रिक बी असलेला कॅमेरा घ्या. आणि डायल चुकून बीवर राहून बटण दाबलं गेलं तर बॅगेतही हेच होतं.

डेटा बॅकमुळे मुख्य सेल उतरतो का?

सहसा नाही. त्याचा स्वतःचा सपाट लिथियम सेल असतो. तारीख नको असेल तर तो काढून ठेवा, म्हणजे तो विसरला जाऊन तिथेच पाझरणार नाही.

दुरुस्तीला कधी द्यावा?

स्विच, सेल, कॉन्टॅक्ट सगळं तपासून झालं, जोडलेल्या वस्तू काढल्या, तरी बंद कॅमेरा शेकडो मायक्रोअँपिअर घेतोय, तेव्हा. देताना मोजलेला आकडा, कोणता सेल होता आणि दमट हवेत फरक पडतो का हे लिहून द्या. 'बॅटरी उतरते' एवढंच सांगितलंत तर दुरुस्ती करणारा नवा सेल घालेल, कॅमेरा चालतो म्हणेल आणि परत देईल. सर्किटच जळालं असेल आणि कॅमेरा फार विकला गेलेल्यांपैकी असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा कॅमेरा घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. जुना भागांसाठी ठेवा.

कॅमेरा काही महिने वापरणार नाही. सेल काढून ठेवू?

हो. अल्कलाइन असेल तर नक्कीच. काढलेले बटण सेल डबीत सुटे टाकू नका. एकमेकांना लागून शॉर्ट होतात आणि पुढच्या वेळी रिकामे निघतात. प्रत्येकाला चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्यावर तारीख लिहा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा. गिळलेला बटण सेल अन्ननलिका काही तासांत जाळतो, तिथे वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. सेल परत घालण्याआधी त्याची चकती आणि कडा कोरड्या कापडाने पुसा आणि त्यानंतर बोटांनी धरताना फक्त कडेला धरा.